तळाचा फोटो

गोदामात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे डागबाई. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठल्याही वस्तूवरचा डाग, चरा, टवका, उसवलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि एकदा तिने तो कागदावर उतरवला की ब्रह्मदेव खाली आला तरी तो पुसला जात नसे.

धंदाही मोठा गमतीचा. एखादा रिकामा फ्लॅट विकायला निघाला की साहेबांची माणसं तिथे जाऊन दोन दिवसांत भरलेलं घर मांडत. सोफा, पलंग, पडदे, भिंतीवर चित्रं, टेबलावर फळांची परडी. बघायला आलेलं जोडपं दारातच विरघळायचं. फ्लॅट खपला की तेच घर गाडीत भरून पुढच्या पत्त्यावर. फळं प्लास्टिकची, टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकांच्या नुसत्या पाठी फळीला चिकटवलेल्या. सोफे आणि पलंग तर मुद्दाम पाच-सहा इंच आखूड बनवलेले, म्हणजे खोली मोठी दिसते. डागबाई म्हणायची, "आमच्याकडे खरं काय असेल तर ती माझी यादी. बाकी सगळा बाजार."

गाडी भरताना यादी, उतरवताना यादी, काही विकलं गेलं तर त्याची वेगळी यादी. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, वर्णन, स्थिती आणि फोटो. बारा वर्षं ती हेच करत होती. त्यातली पहिली तीन तिने पगारासाठी केली. पुढची नऊ कशासाठी केली ते फक्त तिलाच माहीत होतं, कारण साहेबांवर तिने नऊ वर्षं डूख धरला होता.

गोष्ट तिच्या दादाची. दादा सुतार. या गोदामातलं निम्मं लाकूडकाम त्याच्या हातचं, आणि तिला इथे नोकरीला लावलं तेही त्यानेच. नवरा एक दिवस कामावर गेला तो परत आलाच नाही, पदरात लहान मुलगी, तेव्हा दादाने साहेबांकडे शब्द टाकला होता. तर नऊ वर्षांपूर्वी काय झालं, एका फ्लॅटचं गिऱ्हाईक पलंगावर भाळलं. फ्लॅट घेतो, पण हा पलंगही द्या म्हणाला. साहेबांनी दिला. शोभेचा पलंग, तो कुणी झोपायला नेईल हे बनवताना ध्यानीमनी नव्हतं, आणि तो शोभेचा आहे हे साहेबांनी विकताना सांगितलंही नाही. आठवड्याने गिऱ्हाइकाचे म्हातारे वडील त्यावर आडवे झाले आणि गादीसकट थेट जमिनीवर गेले. खुब्याचं हाड मोडलं. पलंगाच्या तळाला वजन पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या तिथे नव्हत्याच.

गिऱ्हाईक गोदामात येऊन थयथयाट करू लागलं तेव्हा सगळे जमले होते. हमाल, मुकादम, शिवणकामवाल्या बायका. साहेब म्हणाले, "पट्ट्यांचं लाकूड मी मोजून दिलं होतं. मिस्त्रीने खाल्लं."

सुताराला शिवी द्या, तो हसेल. हात थरथरतो म्हणा, तो दुसऱ्या दिवशी चोख सांधा करून दाखवेल. पण लाकूड खाल्लं म्हटलं की त्याचं दुकान उठलं. दादा तिथेच उभा होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आत डागबाईच्या काचेच्या खोलीकडे, आणि मान खाली घातली. त्याची ती खाली गेलेली मान लोकांनी कबुली धरली. डागबाईने त्याच दुपारी ऑर्डरची वही उघडली, तर पलंग बनवले नेमकं त्या महिन्याचं पान गायब.

वर साहेबांचा शहाणपणा बघा. दुसऱ्या दिवसापासून नवा नियम: काहीही विकायचं तर यादीतली प्रत्येक ओळ विकणाऱ्याने स्वतः मोठ्याने वाचायची, घेणाऱ्याने "मान्य" म्हणायचं, आणि दोघांनी त्या ओळीपुढे सही करायची. म्हणजे उद्या कुणी तक्रार घेऊन आलं, तर त्याचीच सही त्याच्या तोंडावर मारता येईल. चोरानेच कुलूप शोधून काढलं होतं.

दादाला त्यानंतर लाकूडबाजारात कुणी उभं केलं नाही. जिथे तो आत शिरताच मालक खुर्ची पुढे सरकवायचे, तिथे आता त्याच्यासमोर फळ्या मोजून ठेवायला लागले. दोन महिन्यांत त्याने बाजाराचा रस्ताच सोडला. तो गाड्यांच्या वाहनतळावर पावत्या फाडण्याच्या कामाला लागला. अंगठ्याने लाकडाची शीर ओळखणारा माणूस दिवसभर कागदाचे कपटे वाटत बसायचा. डागबाईने रागाच्या भरात राजीनामा लिहिला होता, तो दादानेच फाडला. "नोकरी सोडायची नाही," तो म्हणाला, "काही झालं तरी सोडायची नाहीस." तिला वाटलं, बरोबरच आहे. शत्रूच्या गोटात आपलं माणूस असलेलं बरं.

आणि गोटात राहून तिने साहेबांना सुखाने बसू दिलं नाही, अगदी शब्दशः. सगळ्यात डुगडुगणारी खुर्ची कुठली हे तिला यादीमुळे पाठ होतं, ती दर सोमवारी साहेबांच्या टेबलामागे जाऊन पोचायची. त्यांच्या केबिनच्या यादीत तिने "भिंतीवरील घड्याळ, सात मिनिटे मागे" असं लिहून ठेवलं, पण घड्याळ कधी नीट केलं नाही. या असल्या चिमट्यांनी काय होणार? काहीच नाही. पण हातची सवय राहावी म्हणून माणूस जसा रिकामी कात्री चालवतो, तसं तिचं चाललं होतं. तिला चिमटा नको होता, तिला साहेबांच्याच तोंडून ते शब्द परत घ्यायला लावायचे होते. तेही चारचौघांत, जिथे फेकले होते तिथेच.

संधी आली ती गोदाम बंद व्हायच्या वेळी. साहेबांनी धंदा गुंडाळायचं ठरवलं. मुलगा दूर देशी स्थायिक झाला होता, त्याच्याकडे जायचं. सगळं सामान एकाच घेणारीने घ्यायचं कबूल केलं. ही बाई लॉज चालवायची, तीन मजल्यांचा. वयाने साठीकडे झुकलेली, आवाज खर्जातला, आणि वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून बघायची सवय. तिने एकच अट घातली.

"वरून सगळंच छान दिसतं हो. मला प्रत्येक वस्तूचा तळाचा फोटो पाहिजे."

"देऊ की," साहेब म्हणाले, आणि ती गेल्यावर डागबाईकडे वळून म्हणाले, "बाई, स्थितीच्या रकान्यात सगळीकडे 'उत्तम' टाका. तीनशे बारा वस्तू आहेत, फार खोलात शिरू नका."

"बरं," डागबाई म्हणाली. खोलात शिरू नका असं तिला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करायला सांगणं.

दिवे झाले, आरसे झाले, तेरा सोफे झाले. तिसऱ्या दिवशी पलंगांची पाळी आली. एकूण अकरा, सगळे दादाच्या हातचे, त्या मोडलेल्याच्याच खेपेतले. मोडलेला साहेबांनी तेव्हाच परत आणून जाळून टाकला होता. हे अकरा नऊ वर्षं या फ्लॅटातून त्या फ्लॅटात फिरत होते, पण त्यांच्या तळाला काळं कापड पिना मारून ताणलेलं होतं, आणि ते काढून बघायचं कारण कुणालाच पडलं नव्हतं. भाड्याच्या यादीला वरचा फोटो पुरत असे.

हमालांनी पहिला पलंग एका बाजूवर उभा केला आणि ते पाणी प्यायला गेले. डागबाईने चिमट्याने पिना उपटल्या, कापड खाली ओढलं. धुळीचा लोट नाकात गेला. पट्ट्या नव्हत्या. तिने कडेच्या फळ्यांवरून बोट फिरवलं. स्क्रूचं एक भोकसुद्धा नव्हतं. म्हणजे बसवून काढलेल्या नाहीत, बसवायच्याच नव्हत्या. मग तिने मोबाइलचा दिवा डोक्याकडच्या फळीवर धरला.

साहेबांची एक खोड होती. सुतारकाम चालायचं तिथे फेरी मारताना कागद शोधत बसायचे नाहीत, मार्कर घेऊन थेट प्लायवरच सूचना लिहायचे. नंतर त्यावर पॉलिश चढायचं, सनमायका चढायचा, आणि अक्षर गडप व्हायचं. ही फळी आतल्या बाजूची होती. तिच्यावर काहीच चढलं नव्हतं. काळ्याभोर तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "पट्ट्या नकोत. उचलायला हलका हवा. कोण झोपणार आहे यावर?" खाली शेपटीवाली सही आणि तारीख.

वहीचं पान फाडता येतं. लाकूड कसं फाडणार?

डागबाई तिथेच जमिनीवर बसली. तिला रडू आलं नाही, उलट इतकं हसू आलं की तिने पदराने तोंड दाबलं. नऊ वर्षं ती या पलंगांना क्रमांक घालत होती, त्यांच्या पायांवरचे ओरखडे मोजत होती, आणि दादाची सुटका तिच्या हातापासून एका कापडाच्या अंतरावर होती. तिने चार बाजूंनी फोटो काढले. मग कापड पुन्हा ताणून एकेक पीन जिथल्या तिथे मारली. बाकीच्या दहांच्या तळालाही पट्ट्या नव्हत्या.

त्याच दिवशी साहेबांपुढे फोटो धरता आला असता. केबिनचं दार लावून त्यांनी हात जोडले असते, माफीही मागितली असती. पण दार लावून मागितलेली माफी घेऊन ती काय करणार? शिवी चव्हाट्यावर, आणि माफी केबिनमध्ये? तिने यादी पूर्ण केली, शांतपणे, एकही शब्द खोटा न लिहिता. दादाला काही सांगितलं नाही. साहेबांनी यादी आधी वाचून बघितली असती तर तिचा बेत तिथेच फसला असता, पण बारा वर्षांत तिच्या यादीत चूक निघाली नव्हती आणि साहेबांचा तिच्यावर आंधळा विश्वास होता. विश्वासाचं हे असं असतं, तो बरोबर चुकीच्या वेळी कामाला येतो.

विक्रीच्या दिवशी गोदामाच्या मधोमध टेबल मांडलं. एका बाजूला साहेब, समोर लॉजवाली, कडेला कागद पुढे सरकवायला डागबाई. दारात तीन गाड्या उभ्या, आणि सह्या झालेलं सामान उचलायला मुकादम आणि त्याचे हमाल भिंतीला टेकून. संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामं करून द्यायचं होतं.

साहेब वाचू लागले. दिवा, उभा, पितळी, बुडाला पोचा. मान्य. आरसा, गोल, मागून एक कडी तुटलेली. मान्य. पहिल्या दहा-बारा ओळींनंतर त्यांच्या लक्षात आलं की "उत्तम" कुठेच नाही, तेव्हा त्यांनी डागबाईकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. पण लॉजवालीला उलट बरं वाटत होतं. "अशी यादी पाहिजे," ती म्हणाली. मग साहेबही पाठ म्हणावं तसे वाचत सुटले. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. त्यांचे ओठ हलत होते आणि मन केव्हाच विमानात जाऊन बसलं होतं. डागबाई सही झालेलं एकेक पान बाजूला ठेवत होती.

"दोनशे चौदा. पलंग, डबल, माप पाच इंच आखूड. तळाला आडव्या पट्ट्या नाहीत. स्क्रूची भोकं नाहीत, सबब पट्ट्या कधीच बसवलेल्या नव्हत्या. डोक्याकडील फळीवर आतून मालकांच्या हस्ताक्षरात..."

साहेब थांबले.

"पुढे?" लॉजवाली म्हणाली.

"ही ओळ टाइप करताना चुकली आहे. आपण दोनशे पंधरा घेऊ."

"चूक नाही, साहेब," डागबाई म्हणाली, "फोटो जोडलाय." आणि तिने तो टेबलावर सरकवला.

लॉजवालीने फोटो उचलला, चष्मा वर करून जवळून पाहिला आणि साहेबांपुढे ठेवला. "नियम तुमचाच ना? ओळ पूर्ण वाचल्याशिवाय मी मान्य म्हणायची नाही."

"अहो, पण यात वाचण्यासारखं..."

"वाचा. नाहीतर मी निघते."

साहेबांनी घसा खाकरला. "मालकांच्या हस्ताक्षरात सूचना: पट्ट्या नकोत. उचलायला..." आवाज इतका खाली गेला की टेबलालाच काय तो ऐकू गेला असेल.

"साहेब," डागबाई गोडपणे म्हणाली, "मागच्यांना ऐकू येत नाही."

मुकादम भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आला होता. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दारातल्या गाड्यांकडे पाहिलं आणि मग मोठ्याने वाचलं. "पट्ट्या नकोत. उचलायला हलका हवा. कोण झोपणार आहे यावर? खाली मालकांची सही. तारीख अपघाताच्या सात महिने आधीची. मिस्त्रीने सूचनेप्रमाणे काम चोख केले आहे."

मग मुकादम म्हणाला, "म्हणजे मिस्त्रीने लाकूड खाल्लं नव्हतं?" त्याने तो प्रश्न साहेबांना विचारला होता की स्वतःला, कोण जाणे. गेली नऊ वर्षं चहाच्या टपरीवर ती गोष्ट रंगवून सांगणारा हाच होता.

"अपघात कसला?" लॉजवालीने विचारलं. डागबाईने तीन वाक्यांत सांगितलं, यादीतल्या ओळीसारखं, ना कमी ना जास्त. लॉजवालीने सगळं ऐकून घेतलं आणि पेन साहेबांकडे केलं. "अक्षर तुमचं असेल तर सही करा. नसेल तर तसं लिहा."

साहेबांनी सही केली. तीच शेपटी, तोच झोक. लॉजवालीने फोटोतली सही आणि ही सही शेजारी शेजारी धरून बघितली आणि म्हणाली, "मान्य. पण हे अकरा पलंग मला नकोत. माझ्याकडे माणसं झोपतात."

हमाल हसले. डागबाईला वाटलं, नऊ वर्षांचं उपाशी पोट आज भरलं. उरलेल्या ओळी साहेबांनी कशा वाचल्या हे तिला आठवतही नव्हतं. ती नुसती त्यांच्या कानांच्या लाल पाळ्यांकडे बघत होती, आणि तिला त्यांची जराही, तसूभरही दया आली नाही.

सगळं आटोपल्यावर साहेब कोट हातावर टाकून तिच्यापाशी आले. ओरडले नाहीत. "बाई, तुम्हाला मी नऊ वर्षं सांभाळलं."

"मी काम केलं, साहेब. तुम्ही नाही सांभाळलंत."

"घरी जाऊन मिस्त्रीला विचारा," ते म्हणाले, "तो त्या दिवशी गप्प का बसला ते."

जाता जाता तोंड वाजवायची सवय आहे मेल्याला, असं म्हणत ती घरी निघाली. तरी ते वाक्य चपलेत खडा गेल्यासारखं वाटभर टोचत राहिलं.

दादा नुकताच कामावरून आला होता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या उभ्या चहा पीत होता. तिने यादीचं पान त्याच्यापुढे पसरलं, वर फोटो ठेवला, आणि धापा टाकत सगळं सांगितलं. तो बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत गेला. "काम चोख केले आहे" या शब्दांवर त्याचं बोट थोडं थांबलं.

"अक्षर त्याचंच," तो म्हणाला. "माझ्यासमोरच लिहिलं होतं. मार्करसुद्धा माझ्याच खिशातला."

"तुला माहीत होतं? अकरा पलंगांच्या पोटात तुझा पुरावा आहे हे तुला माहीत होतं?"

"मीच बनवले ते. मला माहीत नसणार?"

"मग बोलला का नाहीस? नऊ वर्षं, दादा! मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी कापडं फाडली असतीस."

"फाडलीच असती!"

"आणि तिसऱ्या दिवशी घरी बसली असतीस. पोर सातवीत होती." दादाने कप विसळून उपडा घातला. "त्याने मला धमकी नाही दिली. तेवढंही नाही केलं. नुसतं एकदा तुझ्या काचेच्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलं."

डागबाई स्टुलावर बसली. ज्या माणसावर ती नऊ वर्षं दातओठ खात होती, त्याने तिचाच घास दादाच्या तोंडात कोंबून ते बंद केलं होतं. दर महिन्याचा पगार, पोरीची फी, पोरीचं कॉलेज, हे सगळं दादाच्या नावातून कापून आलं होतं. लाकूड कुणी खाल्लं असेल तर तिने खाल्लं होतं. आपण सूड घ्यायला तिथे राहिलो असं ती समजत होती, आणि ती तिथे होती म्हणूनच तो माणूस इतकी वर्षं निर्धास्त झोपला होता.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"तुझं काय चुकलं?" दादा म्हणाला. "पण मी काही साधू नाही. रोज संध्याकाळी तू दारातून आत आलीस की मी तुझं तोंड बघायचो. आज तरी नोकरी गेली का, ते. गेली असती तर मी तसाच उठून बाजारात गेलो असतो." त्याने फडक्याने ओटा पुसला. "बहिणीची नोकरी जावी म्हणून वाट बघणारा भाऊ. मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटतं. त्या माणसाने मला हेसुद्धा करायला लावलं."

मग त्याने विचारलं, "आता गोदाम बंद ना? पक्कं?"

"आज किल्ल्या दिल्या."

दादा आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ओल्या हातांनी केस मागे सारले होते. यादीचं पान आणि फोटो त्याने घडी न पाडता एका वहीत ठेवले. लाकूडबाजार बंद व्हायला अजून दीड तास होता.

"थांब, मी येते बरोबर," ती उठत म्हणाली. "एकेकाच्या दुकानात शिरून वाचून दाखवते."

"नको," दादा चपला घालत म्हणाला. "तू समोर दिसलीस की माझी जीभ परत आवळते. नऊ वर्षांची सवय आहे. मला एकट्यालाच बोलू दे."

तो जिना उतरून गेला. ती दाराची कडी हातात धरून उभी राहिली, आणि त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी तिला दार लावता आलं नाही.